फुगडीत फुटलेली यादी

दहिसरला नदीच्या अलीकडे, नव्या टॉवरांच्या गर्दीत तग धरून राहिलेली एक बैठी चाळ आहे. त्या चाळीत शिरून 'वनमाला धुरी कुठे राहतात?' असं विचारलं, तर आधी विचारणाऱ्याचीच चौकशी होते. कोण तुम्ही, कुठून आलात, जेवलात का. आणि ही चौकशी करणारी बाई बहुतेक वेळा स्वतः वनमालाच असते. वय सहासष्ट, अंगाने ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की तिने या टोकाला 'गो पद्मजा' म्हटलं की त्या टोकाला पद्मजाच्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.

तिला एक खोड आहे. समोरचा माणूस बोलताना अडखळला की तिला राहवत नाही. भाजीवाला 'कोथिंबीर आज...' म्हणून थांबला, की 'महाग झाली' हे ही म्हणून मोकळी. सत्यनारायणाच्या पूजेत भटजी नुसते श्वास घ्यायला थांबले तरी पुढचा शब्द हिच्या ओठांवर तयार. कुणाचं काही अडलेलं तिला बघवत नाही, आणि या गोष्टीचा तिला अभिमान आहे. तो तिने कधी लपवलेलाही नाही.

ही खोड तिला लावली तिच्या थोरल्या जावेने, सुहासिनीअक्काने. वनमाला कुडाळजवळच्या गावातून लग्न होऊन परळच्या खोलीत आली, तेव्हा तिला ना शहर कळत होतं ना स्टोव्ह पेटवता येत होता. अक्काने सगळं हाताला धरून शिकवलं. पुढे संप झाला, गिरणी गेली, आणि दोघे धुरी भाऊ परळ सोडून दहिसरला शेजारशेजारच्या दोन खोल्यांत आले. अक्काचे यजमान दशरथ रखवालदारी करू लागले, वनमालाचा नवरा टेम्पो चालवू लागला, आणि दोघी जावा बोरिवलीच्या घरोघरी चपात्या लाटू लागल्या. आज दोघींचेही नवरे नाहीत, चपात्याही थांबल्या. पण मधल्या भिंतीवर अक्काने वाटी आपटली की इकडून वनमाला उठून जाते, हा रिवाज अजून मोडलेला नाही.

अक्का म्हणजे चाळीतल्या फुगडीची म्होरकी. गौरी-गणपतीच्या दिवसांत ती पदर खोचून अंगणात उतरली की पोरीबाळी, सुना, सासवा, सगळ्या घरं उघडी टाकून धावत. परळला नवी नवरी होऊन आलेल्या वनमालाला तिने पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "हात सोडूचो नाय. आणि कोणाची ओळ चुकली तर बाजूवालेन उचलूची. फुगडीत कोण पडाक नाय होया."

वनमालाने हे फुगडीपुरतं ठेवलं नाही, जन्माला बांधून घेतलं.

दोघी जावांची सासू शेवटी शेवटी सगळं विसरली होती. मुलांना ओळखेना, जेवली हे आठवेना. एकदा चालत चालत चेकनाक्यापर्यंत गेली आणि ट्रकवाल्यांना परळचा रस्ता विचारत बसली. मग भावांनी खोलीला बाहेरून कडी लावायला सुरुवात केली. चाळ म्हणायची, म्हातारी खुळावली. त्यावर कुणाला काही विचारायचं असतं, कुठे दाखवायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिला भरवता भरवता एका दुपारी अक्का वनमालाला म्हणाली होती, "माजा असा झाला तर कोणाक सांगू नको गो. झाकली मूठ सव्वा लाखाची." वनमालाने म्हातारीच्या उशाशी बसून शब्द दिला.

तो शब्द पाळायची वेळ दोन-तीन वर्षांपूर्वी आली. आधी अक्काने बांगड्याच्या तिरफळातल्या कालवणात दोनदा मीठ घातलं. मग गॅस उघडा राहिला. मग तीच गोष्ट सकाळी सांगितलेली दुपारी पुन्हा नव्याने सांगू लागली. वनमालाने गुपचूप पाणी घालून कालवण वाढवलं, गॅस दिवसातून कितीदा तरी जाऊन तपासला, आणि तीच गोष्ट प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली. अक्काचा मुलगा नंदू कुरिअरच्या ऑफिसात, सून श्रुतिका बोरिवलीच्या दुकानात. दोघं सकाळी जात, रात्री येत. त्यांना कशाचा पत्ता लागला नाही, कारण लागू द्यायचाच नाही असा पण करून वनमाला बसली होती.

अशात एके दिवशी चाळीत डॉक्टर मृणालिनी आली. मुलुंडची मुलगी, कांदिवलीच्या एका संशोधन केंद्रात काम करणारी. चाळीच्या गणपती मंडळाच्या खोलीत साठीपुढच्या सगळ्या बायका जमवून तिने सांगितलं, "गुडघे म्हातारे होतात तसा मेंदूही होतो. पण काहींचा लवकर का थकतो, काहींचा ऐंशीतही टवटवीत का राहतो, आणि आपण काय केलं तर विसरण्याचा आजार लांब ठेवता येईल, हे आम्हाला शोधायचंय. काही वस्त्यांमध्ये चालणं, रक्तदाबाची तपासणी, खाण्यात बदल, गटाने गाणी-खेळ असं सगळं घ्यायचं. काही वस्त्यांना नुसती माहिती द्यायची. दोन वर्षांनी बघायचं, फरक पडतो का."

"म्हणजे आमचो मेंदू काढून बघतलात?" पद्मजाने घाबरून विचारलं.

"तुझो काढून काय मिळतला?" वनमाला म्हणाली आणि सगळ्यांच्या वतीने होकार देऊन टाकला.

चाळ चालण्याबिलण्याच्या गटात आली आणि वनमालाने कारभार हातात घेतला. सकाळी दारं वाजवून ती बायकांना नदीकाठच्या रस्त्यावर चालायला काढी. रक्तदाबाची गोळी कुणी चुकवली तर चारचौघांत नाव घेई. फक्त मीठ कमी करायचं म्हणून डॉक्टरने सुक्या मासळीचा विषय काढला, तेव्हा तिने सरळ सांगितलं, "बाकी काय पण सांगा. खाऱ्या बांगड्याचं नाव काढलंत तर तुमचा अभ्यास इथेच बंद." शेवटी आठवड्यातून एकदा, यावर तह झाला.

वर्षभराने पहिली मोठी चाचणी आली, तीही गणपतीच्या तोंडावर. डॉक्टर एकेकीला मंडळाच्या खोलीत बोलवायची, दहा शब्द वाचून दाखवायची, ते परत म्हणायला लावायची, मग दुसऱ्याच गप्पा मारायची आणि गप्पा संपल्या की पुन्हा विचारायची, मघाचे शब्द कोणते? पहिली गेली पद्मजा. ती डोळे पुसत बाहेर आली. "चारच आठवले गो. लाज गेली माझी." वनमालाचं डोकंच फिरलं. नातवंडं असलेल्या बायकांना शाळेतल्या पोरींसारखं रडवतात म्हणजे काय! दुपारपर्यंत सात-आठ जणी आत जाऊन आल्या, आणि प्रत्येकीच्या ओंजळीतले चार-पाच शब्द गोळा करून वनमालाने दहाच्या दहा जमवले. पेपर फुटला.

संध्याकाळी अंगणात फुगडीचा सराव होता. उरलेल्या बायकांना कोरडे शब्द कसे लक्षात राहणार? मग वनमालाने त्यांना चालीत बसवलं.

माशान घातली चप्पल गो,
हत्तीन फोडलो नारळ गो,
साखर चोरली ढगान गो,
कुलूप लावलां खिडकेक गो,
पत्र धाडलां घंटेक गो!

गाणं असं झकास जमलं की ज्यांची चाचणी होऊन गेली होती त्याही पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या. वनमालाने अक्काला आपल्या हातात हात देऊन मधोमध घेतलं होतं. चाळीला वाटलं, ही सगळ्या बायकांची लाज राखतेय. खरं कारण तिचं तिलाच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काची पाळी होती.

अक्का सकाळी आत गेली आणि दहाच्या दहा शब्द घडाघडा बोलून मान ताठ करून बाहेर आली. त्या दिवशी वनमाला चाळभर मिरवली.

गणपती गेले, मांडव उतरला, आणि डॉक्टर मृणालिनी पुन्हा आली. सगळ्या मंडळाच्या खोलीत जमल्या. ती म्हणाली, "सगळ्या वस्त्यांमध्ये तुमची चाळ पुढे आहे." टाळ्या पडल्या. "इतकी पुढे, की केंद्रात सगळे चक्रावले. पण मला एक कोडं सुटत नाही. माझी यादी 'चप्पल'पासून सुरू होते. दुसऱ्या दिवशी आलेल्या सगळ्याजणींनी माशापासून सुरुवात का केली?"

 मग मागून कुणाला तरी हसू आवरेना. ते पसरत पुढपर्यंत आलं, आणि शेवटी पद्मजाने तोंडाला पदर लावून सगळं गाणं म्हणून दाखवलं. हत्तीने नारळ फोडला तिथे डॉक्टरही हसली. वनमाला मात्र उभी राहिली. "मी केलं ते. कुणाला पडू द्यायचं नाही, ही आमची रीत आहे."

"रीत चांगली आहे मावशी, आणि गाणं तर फारच चांगलं," मृणालिनी म्हणाली. "चूक माझीही आहे. ही परीक्षा नाही, हे मी नीट सांगायला हवं होतं. इथे कुणी नापास होत नाही. ज्यांना शब्द कमी आठवतात त्यांना आम्ही आधी बोलावतो. गेल्या महिन्यात एका वस्तीतल्या आजींना बोलावलं. त्यांना नीट ऐकूच येत नव्हतं, तर आठवणार काय? एकीच्या रक्तात जीवनसत्त्व कमी निघालं. सगळ्यांचं बरं होतं असं मी खोटं सांगणार नाही. पण लवकर कळलं तर पुष्कळ काही राखता येतं. तुमच्या चाळीतून मात्र मी एकीलाही बोलावू शकले नाही."

वनमालाने अक्काकडे पाहिलं. सगळ्या हसल्या म्हणून अक्का अजून हसत होती. डॉक्टर काय बोलली त्यातलं तिला काहीच ऐकू आलेलं नव्हतं.  आपण जिला सावरलं म्हणून मिरवलो, तिच्यासाठी उघडं असलेलं दार आपणच लावून घेतलं. सासूच्या खोलीची कडी तरी सगळ्यांना दिसायची. ही कुणाला दिसतही नव्हती.

पुढच्या रविवारी पुन्हा चाचणी ठरली, या खेपेला प्रत्येकीला वेगळे शब्द. शुक्रवारी भिंतीवर वाटी आपटली.

"गो, नवीन गाणा केलंस काय?" अक्काने विचारलं.

"नाय."

"मग कर. परवा माजी पाळी असा."

"मी करूचंय नाय अक्का. तू तुजा तूच सांग."

अक्काला आधी वाटलं ही थट्टा करतेय. मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माका खुळी ठरवतलंस? म्हातारेसारी कडी लावतलास?"

वनमाला आयुष्यात कुणापुढे रडली नव्हती, ती अक्कापुढे रडली. "म्हातारेक काय झाला ता तेव्हा कोणी इचारूकच नाय. तुका इचारतहत. मी दिलेलो शब्द मोडतंय, माका काय बोलाचा ता बोल. पण तू त्या खोलीत एकटी जा."

 अक्काने तोंड फिरवलं, आणि रविवारपर्यंत भिंतीवर वाटी वाजली नाही. शनिवारी वनमालाने नंदूला गाठून सगळं सांगितलं, मीठ, गॅस, सगळं. नंदू भडकला. "वाट लावलीस ना काकी. मला आत्ता सांगतेस?" तिने मान खाली घातली. मग तोच म्हणाला, "आईला काय होतंय हे मलाच दिसायला हवं होतं ना. उद्या मी घरी थांबतो."

रविवारी अक्का ठेवणीतलं जरीकाठी लुगडं नेसून निघाली. मंडळाच्या दारात वनमाला उभी होती. अक्का तिच्याकडे न बघता पायरीपर्यंत गेली, थांबली आणि हात पुढे केला. "हात धर. पायरी उंच असा." वनमालाने तिला पायरी चढवली. वर गेल्यावर अक्काने स्वतःच हात सोडवून घेतला आणि आत गेली.

दार उकाड्यामुळे उघडंच होतं. डॉक्टर मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचत होती. वनमालाला सगळे ऐकू गेले, आणि तिच्या मेल्या डोक्यात सगळे बसलेही. मग गप्पा झाल्या, मग प्रश्न आला. अक्का म्हणाली, "विहीर." मग शांतता. वनमालाच्या जिभेवर पुढचा शब्द येऊन उभा राहिला, 'टोपली'. नुसता कुजबुजला असता तरी पुरला असता. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. आत अजून शांतता. शेवटी ती तिथून निघाली, लांब सार्वजनिक नळावर गेली आणि नळ मोठा सोडून पाण्याचा आवाज ऐकत उभी राहिली. चाळीतल्या लोकांनी वनमाला धुरीच्या हिमतीच्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या आहेत. गुंडाच्या हातची काठी तिने हिसकावली होती, नगरसेवकाला चाळीच्या गटारापाशी आणून उभा केला होता. पण माझ्या मते ती सगळ्यात शूर त्या नळापाशी होती.

अक्का बाहेर आली ती मूठ मिटून. सगळ्या बायका दारात उभ्या, आणि विचारायची हिंमत एकीलाही होईना. अक्काने मूठ पुढे धरली आणि तीन बोटं उघडली. "तीन," ती म्हणाली. "पण माजे."

कांदिवलीला तपासण्या झाल्या. दोन्ही कान अधू निघाले, रक्तदाबाचं औषध बदलावं लागलं. आणि मृणालिनीने नंदूला, वनमालाला आणि अक्काला समोर बसवून, अक्काकडेच बघत सांगितलं की विसरण्याची सुरुवात आहे, ती पुसून टाकणारं औषध नाही, पण जे आहे ते पुष्कळ दिवस राखायचा प्रयत्न आपण सगळे करू. अक्काने शांतपणे ऐकून घेतलं. तिच्याबद्दल तिच्यामागे नाही, तिच्याशीच कुणी बोलत होतं, आणि तिला ते आवडलं. कानाचं यंत्र लावून ती पहिल्यांदा चाळीत शिरली तेव्हा वनमाला पद्मजाला हाक मारत होती. अक्का दचकून थांबली. "गो बाय माजे! तू एवढा बोंबलतंस? आणि ह्यां इतकी वर्सां कोणी सांगूक नाय माका!"

त्यानंतर गटाच्या गाण्या-खेळांतल्या फुगडीचा नियम बदलला, आणि तो वनमालानेच बदलला. कुणाची ओळ अडली की उचलायची नाही. टाळीचा ठेका धरून एक अख्खा फेरा थांबायचं, हात घट्ट धरून. तरी नाही आली तर मग उचलायची. हा नियम पाळायला सगळ्यात जड गेला तो अर्थात वनमालालाच. पहिले काही दिवस तिचे ओठ नुसते हलत, आणि पद्मजा तिला कोपर मारी. पण चाळीला एक नवल दिसू लागलं. त्या एका फेऱ्यात पुष्कळ वेळा ओळ सापडायची. अक्कालाही कधी कधी सापडायची, आणि मग ती ती ओळ अशी काही ठणकावून म्हणायची की बाकीच्यांचे सूर दबून जात. मृणालिनीने हा प्रकार पाहिला आणि दुसऱ्या वस्त्यांतल्या गाण्यांच्या गटांनाही दाखवायला अक्का-वनमालाला बोलावलं. दोघी कांदिवलीला रिक्षाने गेल्या, दोघींनी गजरे माळले होते, आणि परतल्यावर आठवडाभर चाळीला दुसरा विषय नव्हता.

पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी आली. पुन्हा नवे शब्द. अक्का आत गेली तशी वनमाला न सांगता उठून नळावर जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने अक्का स्वतःच शोधत तिथे आली. मूठ मिटलेलीच होती. वनमालाने नळ बंद केला आणि गप्प राहिली. आता तिला थांबता येत होतं.

अक्काने बोटं उघडली. तीन.

"गेल्या वर्साक पण तीनच होते," अक्का म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि मान ताठ होती. "डॉक्टरीण म्हणाली, ह्या वर्सभरात खाली येवक नाय, हीच मोठी गोष्ट. एक पण पडाक देवक नाय मी."

 अक्काने वनमालाचा हात धरून हलवला.

"आता गप कित्या? जा. सांग सगळ्यांक."

"सांगू?" वनमालाने विचारलं. "सगळ्यांक?"

"सांग गो."

वनमालाने पदर खोचला, चाळीकडे तोंड केलं, आणि त्या टोकाला पद्मजाने हातातली कढई खाली ठेवली.